पडद्यावरची खुंटी

पडदा हा शब्द मराठी माणसाच्या तोंडीं अनेक अर्थांनीं वावरत असतो. नाटकगृहांत तो वर जातो आणि खालीं येतो. सतारीच्या दांडीवर तो धातूचा असतो व त्याच्यापाशीं तार दाबली कीं स्वर निघतो. चित्रपटगृहांत तो पांढरा असून त्यावर सावल्या हलतात. आणि आतां घरोघरीं संगणकाचा कांचेचा पडदा येऊन बसला आहे. यांपैकीं पहिले तीन पडदे कोल्हापूरच्या परिसरांत इतके मुरलेले आहेत कीं चौथ्याची हकीकत त्यांच्यावांचून नीट सांगतां येत नाहीं.

या चौथ्या पडद्यावर एक नवल पाहावयास मिळतें. ध्वनिमुद्रणाचें किंवा संगीतरचनेचें एखादें सॉफ्टवेअर उघडावें, तर समोर गोल खुंट्यांच्या रांगाच रांगा उभ्या राहतात. एकीवर चकाकी आहे, दुसरीच्या कडेला बारीक खांचा आहेत, तिसरीखालीं सावली पडली आहे. माउसनें धरून ओढली कीं खुंटी फिरते आणि आवाज मोठा होतो, लहान होतो किंवा घुमूं लागतो. वस्तुतः तेथें खुंटी नाहीं, धातू नाहीं, खांचा नाहींत, सावलीहि नाहीं. आहे तें केवळ चित्र. अशा चित्रांच्या आणि रंगांच्या एकत्र संचाला ‘थीम’ म्हणतात. थीम बदलली कीं साऱ्या सॉफ्टवेअरचा पोशाख बदलतो. आवाजांत मात्र केसभरहि फरक पडत नाहीं. असे पोशाख शिवणारे, खुंटीमागून खुंटी रंगविणारे हौशी व धंदेवाईक कारागीर आज जगभर आहेत. ज्या चित्रानें आवाज बदलत नाहीं त्याच्यापायीं इतकी मेहनत कशासाठीं, असा प्रश्न कोणाहि सुज्ञ माणसाच्या मनांत येईल. त्याचें उत्तर शोधावयाचें तर आरंभ संगणकापासून करून भागत नाहीं. त्यासाठीं कोल्हापुराहून सुमारें पन्नास किलोमीटरांवर असलेल्या मिरजेस जावें लागतें.

मिरजेंत तंतुवाद्यें घडविण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सुरू झाला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला गवई येत. त्यांच्या सतारी-तंबोरे दुरुस्त करावयास कुशल हात हवे होते. हत्यारांना धार लावण्याचें काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांनीं तें काम हातीं घेतलें, असें तेथील परंपरा सांगते. तलवारींचे दिवस संपत आले होते आणि तारांचे सुरू होत होते. मंगळवेढें-पंढरपूर भागांतील भोपळे, तुणीचें लांकूड आणि पिढ्यानपिढ्यांचा कान यांच्या बळावर या गांवाचा तंबोरा हिंदुस्थानभर गेला. सन २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें.

तंबोऱ्याकडे खुंटीच्या दृष्टीनें पाहिलें तर एक गोष्ट चटकन ध्यानांत येते. त्यांत तार जुळविण्याच्या सोयी दोन आहेत. वर दांडीच्या टोकाशीं लांकडी खुंट्या असतात. त्या पिळल्या कीं तार झपाट्यानें चढते किंवा उतरते. खालीं घोडीच्या पलीकडे तारेंत ओंवलेले मणी असतात. मणी किंचित सरकविला कीं तारेचा ताण अगदीं थोडा बदलतो. खुंटीनें स्वराच्या गांवापर्यंत जावयाचें आणि मण्यानें त्याच्या घराचें दार शोधावयाचें, अशी ही विभागणी आहे. शिवाय खुंटीवर एकहि आंकडा नसतो, मण्याजवळ रेघ नसते. कोठें थांबावयाचें हें डोळा सांगत नाहीं, कान सांगतो. खुंटी बोटांत नीट बसावी म्हणून तिचें डोकें घडविलेलें असतें, आणि ती घसरूं नये म्हणून तिला खडू लावतात. एवढीच तिची भाषा.

मग तंबोऱ्यावरील नक्षी कशासाठीं? भोपळा व गळा जेथें जुळतात तेथें कोरीव पानें बसविलेलीं असतात. तीं शोभेचीं खरीं, पण त्यांच्याखालीं सांधा असतो. कडेनें फिरणारी वेलबुट्टी पूर्वीं हस्तिदंताची असे, पुढें सेल्युलॉइडची व प्लॅस्टिकची झाली. ती तारेला कांहींच शिकवीत नाहीं. तथापि जो गवई तंबोरा मांडीवर घेतो त्याला ती सांगते कीं हें वाद्य कोणीतरी जीव ओतून केलें आहे, तेव्हां याला जपून हात लाव. अलंकाराचें हें कार्य लहान नव्हे. काव्यशास्त्रांतला जुना वाद येथेंहि उभा राहतो: अलंकार शरीरावर वरून चढविलेला कीं अंगभूत? मिरजेच्या कारागिराचें उत्तर असें दिसतें कीं चांगल्या वस्तूंत हीं दोन्ही उत्तरें शेजारीं शेजारीं राहतात.

मिरजेचें वाद्य जेथें वाजावयाचें त्या मैफलींचें एक मोठें केंद्र कोल्हापूर होतें. येथील गायन समाज देवल क्लबाची स्थापना १८८३ सालीं झाली. शाहू छत्रपतींनीं १८९५ च्या सुमारास अल्लादियाखांसाहेबांना दरबारीं आणलें आणि १९२२ पर्यंत, म्हणजे महाराजांच्या निधनापर्यंत, खांसाहेब येथें राहिले. याच मैफलींत एक नवें वाद्य शिरलें होतें तें म्हणजे हार्मोनियम, म्हणजेच पेटी. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांच्या बोटांखालीं ती गाऊं लागली असें तिचे टीकाकारहि मान्य करीत. पण पेटीला खुंटी नव्हती. तिचे स्वर कारखान्यांत ठरून येत. समोर दोनचार दट्टे असत. ते ओढले कीं सूर अधिक भरदार होई किंवा आंतला षड्ज सतत वाजत राही. परंतु गंधार आपल्याला हवा तेथें बसविण्याची सोय वाजविणाऱ्याच्या हातीं नव्हती.

हा गंधार म्हणजे कांहीं बारीकसारीक तक्रार नव्हे. सप्तकाचे बाराशें समान भाग कल्पिले व त्यांस सेंट असें नांव दिलें, तर तंबोऱ्याच्या खर्जांतून आपोआप ऐकूं येणारा गंधार षड्जापासून सुमारें ३८६ सेंटांवर पडतो. समान बारा भाग करून जुळविलेल्या पेटींत तो ४०० वर असतो. चौदा सेंटांचें हें अंतर आंकड्यांत क्षुल्लक वाटतें, पण तंबोऱ्याशेजारीं पेटी वाजली म्हणजे तयार कानाला तें खड्यासारखें लागतें.

त्या खड्यावर उपाय शोधणारे गृहस्थ याच परिसरांतले होते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचें मोजमाप करून १९१० सालीं त्यावर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. मोजमापासाठीं त्यांना अब्दुल करीमखांसाहेबांच्या गळ्याचें साह्य झालें. न्यायखात्यांतील अधिकारी क्लेमेंट्स हे या कामीं देवलांचे सहकारी होते. दोघांच्या प्रयत्नांतून श्रुतींची हार्मोनियम तयार झाली आणि मार्च १९१६ मध्यें बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती विद्वानांपुढें ठेवण्यांत आली. तेथें तिला मान्यता मिळाली नाहीं. श्रुतींचीं स्थानें रागागणिक, गायकागणिक हलतात. तीं एकदां लांकडांत व पितळेंत ठोकून बसवितां येतील का, हा खरा आक्षेप होता. देवलांचें यंत्र मागें पडलें, परंतु त्यांनीं विचारलेला प्रश्न मागें पडला नाहीं. तो असा: यंत्राच्या तोंडावर ज्या जागा आंखलेल्या आहेत तेवढ्याच जागा संगीतांत आहेत काय?

पुढें या प्रश्नानें राजसत्तेचें रूप घेतलें. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीनें, म्हणजे तत्कालीन ऑल इंडिया रेडिओनें, हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ च्या सुमारास अंशतः उठली. गंमत अशी कीं ज्या यंत्रानें पेटीला दाराबाहेर उभें केलें तें यंत्र स्वतः खुंट्यांवरच चालत होतें. एक खुंटी केंद्र लावण्याची, एक आवाजाची. आणि मुलांचे कान पिळावे तसे घरोघर रेडिओचे कान पिळले जाऊं लागले. तंबोऱ्याच्या खुंटीहून या खुंटींत मोठा फरक होता. तिच्यामागें कांचेची पट्टी होती, पट्टीवर आंकडे होते, कांहीं यंत्रांवर तर मुंबई, दिल्ली, कोलंबो, लंडन अशीं शहरांचीं नांवेंच छापलेलीं असत. कांटा कोठें आहे हें पाहून माणूस काय ऐकूं येणार याचा अंदाज करूं लागला. खुंटीला चेहरा मिळाला तो येथें. कानाचें काम डोळ्यानें वाटून घेतलें तें येथें.

यंत्रयुगानें मग असे चेहरे पुष्कळ घडविले. अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं १९६४ मध्यें विजेवर स्वर निर्माण करणाऱ्या सिंथेसायझरचा पहिला नमुना सिद्ध केला आणि १९७० मध्यें ‘मिनीमूग’ हें आटोपशीर वाद्य बाजारांत आणलें. त्याच्या कलत्या फळीवर काळ्या खुंट्या ओळीनें बसविलेल्या होत्या व प्रत्येकीभोंवतीं आंकडे होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरास राज नारायण यांनीं इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. भोपळा नाहीं, तार नाहीं. एक पेटी आणि तिच्या तोंडावर फिरविण्याचीं बटणें. प्रवासांत तंबोरा संभाळणें ज्यांना जड जाई अशा गायकांनीं त्याचें स्वागत केलें. मिरजेच्या कारागिरांच्या दृष्टीनें ती वार्ता सुखाची नव्हती. आज त्या पेटीचीहि गरज उरलेली नाहीं. हातांतल्या टेलिफोनमध्यें तंबोरा वाजतो आणि त्याची खुंटी हें नुसतें चित्र असतें.

अशा रीतीनें खुंटी पडद्यावर आली. आतां तिला रंगवावयाची कशी, हा कारागिरीचा प्रश्न उरला. येथें कोल्हापूरचा दुसरा पडदा मदतीस येतो.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे कोल्हापूरचे बंधु नाटकांचे पडदे रंगविण्यांत विख्यात होते. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठीं त्यांनीं पडदे रंगविले. सपाट कापडावर राजवाड्याचे खांब गोल दिसावे, कमानीखालीं अंधार सांठावा, दूरच्या रस्त्यानें माणूस चालत जाऊं शकेल असें वाटावें, ही त्या कलेची किमया. १९१६ मध्यें आनंदराव निवर्तले. पुढें बाबूरावांनीं खटपट करून स्वतःचा चित्रपटाचा कॅमेरा घडविला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्यें ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. ज्या माणसानें सपाट पडद्यावर खोली रंगविली त्यानेंच पडदा हलता केला. संगणकावरील खुंटी रंगविणारा आज या दोन्ही गोष्टी एका लहानशा चौकोनांत करीत असतो. तो सपाट पृष्ठावर गोलाई आणतो व मग ती गोलाई फिरवून दाखवितो.

यांतील मर्म उजेडाचें आहे. खुंटी फिरते, उजेड फिरत नाहीं. खिडकी जर डावीकडे वर असेल तर खुंटी कितीहि पिळली तरी तिची चकाकी डावीकडे वरच राहणार आणि सावली उजवीकडे खालींच पडणार. फिरावयाची ती फक्त खूण: खुंटीवरची रेघ, टिंब किंवा खांच. नवशिका कारागीर अख्खें चित्रच गरगर फिरवितो. त्याबरोबर चकाकीहि फिरते आणि पाहणाऱ्यास कांहींतरी चुकल्याची जाणीव होते. काय चुकलें तें त्याला सांगतां येत नाहीं, पण खुंटीवरचा त्याचा विश्वास उडतो. जाणता कारागीर चित्राचे थर करतो. सावलीचा थर स्थिर, अंगाचा थर बहुधा स्थिर, खुणेचा थर फिरता आणि सर्वांवर चकाकीचा थर पुन्हां स्थिर. शिवाय एका थीमच्या साऱ्या खुंट्यांवर एकाच दिशेचा उजेड हवा. एकीवर सकाळ आणि दुसरीवर संध्याकाळ असें झालें तर नाटकाच्या पडद्यावर एका खांबाची सावली पूर्वेस व दुसऱ्याची पश्चिमेस पडावी तसा तो प्रकार होतो.

फिरण्याचें कामहि चित्रपटाच्याच युक्तीनें होतें. खुंटीच्या प्रत्येक अवस्थेचें निराळें चित्र काढून तीं सारीं एकाखालीं एक अशा लांब पट्टींत रचतात. सॉफ्टवेअर त्या पट्टींतील हवें तेवढें एकच चित्र दाखवितें. बोट हललें कीं पुढचें चित्र, पुन्हां पुढचें. डोळ्याला वाटतें कीं खुंटी फिरली. बहुतेक खुंट्या पूर्ण वर्तुळ फिरत नाहींत. घड्याळाच्या सातापासून वर बारावर येऊन पांचापर्यंत, म्हणजे सुमारें ३०० अंशांचा त्यांचा प्रवास असतो; खालची मोकळी जागा आरंभ कोठें व शेवट कोठें हें सांगते. या प्रवासाचीं ३१ चित्रें केलीं तर प्रत्येक पाऊल १० अंशांचें पडतें आणि खुंटी धक्के खात जाते. १२८ केलीं तर पाऊल सव्वादोन अंशांहून थोडेंच मोठें होतें व फिरणें मऊ दिसतें. परंतु ६४ ठिपके उंचीच्या खुंटीची १२८ चित्रांची पट्टी ८,१९२ ठिपके उंच होते. सौंदर्याला अशी किंमत मोजावी लागते.

१२८ हा आंकडा उगीच आलेला नाहीं. इलेक्ट्रॉनिक वाद्यांनीं एकमेकांशीं बोलावें म्हणून १९८३ मध्यें ‘मिडी’ नांवाचा संकेत ठरला. त्यांतील साधी आज्ञा शून्य ते १२७ अशा १२८ पायऱ्यांचीच असते. आवाज लहानमोठा करावयास तेवढ्या पायऱ्या बहुधा पुरतात. तंबोरा जुळवावयास मात्र त्या पुरत नाहींत, आणि येथेंच देवलांचा प्रश्न पुन्हां दारांत उभा राहतो. एक सबंध सप्तक जर अशा खुंटीवर पसरलें तर एक पायरी नऊ सेंटांहून अधिक होते. सेकंदाला २४० आंदोलनें असलेल्या षड्जाच्या दोन तारांत नऊ सेंटांचा फरक राहिला तर आवाज सेकंदाला सुमारें सव्वा वेळां डोलतो. तंबोऱ्याची जोड अशी डोलत राहिली तर गवई गावयास बसणारच नाहीं. तीच खुंटी एका अर्ध्या स्वराच्या टप्प्यापुरती ठेवली तर पायरी एका सेंटाहूनहि लहान होते. म्हणजे मोठ्या चालीची एक खुंटी आणि बारीक चालीची दुसरी, अशा दोन हव्या. मिरजेच्या कारागिरानें खुंटी व मणी वेगळे ठेवले होते त्याचें हेंच कारण. पुष्कळ सॉफ्टवेअरांत एखादी कळ दाबून धरून खुंटी ओढली म्हणजे ती सावकाश चालते. ती कळ दाबणें म्हणजे मणी सरकविणेंच होय. मात्र त्या मण्याचें चित्र बहुतेक ठिकाणीं कोणी काढीत नाहीं, म्हणून तो आहे हें नवख्याला कळत नाहीं.

पोशाख बदलण्याची हौस संगणकावर कधीं आली हें पाहणेंहि मनोरंजक आहे. १९९७ मध्यें जस्टिन फ्रँकेल या तरुणानें ‘विनॅम्प’ हें गाणीं वाजविण्याचें सॉफ्टवेअर काढलें. पुढल्याच वर्षीं त्याला रूप बदलण्याची सोय मिळाली आणि लोकांनीं त्याला हजारों चेहरे दिले. याच सुमारास स्वीडनमधील प्रॉपेलरहेड कंपनीनें ‘रीबर्थ’ नांवाचें सॉफ्टवेअर आणलें. त्यांत जपानी रोलंड कंपनीच्या ऐंशीच्या दशकारंभींच्या वाद्यांचीं हुबेहूब चित्रें होतीं. वापरणाऱ्यांनीं तीं चित्रें व ध्वनि बदलून स्वतःच्या आवृत्त्या सिद्ध केल्या, आणि कंपनीनेंहि त्या उद्योगाला वाट मोकळी करून दिली. फ्रँकेल यांच्या नव्या कंपनीचें ‘रीपर’ हें ध्वनिमुद्रणाचें सॉफ्टवेअर २००५ च्या अखेरीस लोकांपुढें आलें. त्याचा जवळजवळ प्रत्येक अवयव चित्र बदलून नवा करतां येतो. ज्यांना चित्रकलेचा हात नाहीं त्यांच्यासाठीं जपानमधील एका हौशी तंत्रज्ञानें ‘नॉबमॅन’ हें साधन केलें. त्यांत आकार, रंग, उजेड व सावली निवडली कीं खुंटीची संपूर्ण पट्टी तयार होऊन मिळते.

पण दुसऱ्याच्या वस्तूचा चेहरा उचलावा किती, याला मर्यादा आहे. ‘रीबर्थ’ची पुढें जी आवृत्ति हातांतल्या यंत्रांसाठीं निघाली होती ती २०१७ मध्यें मागें घ्यावी लागली, कारण रोलंड कंपनीनें आपल्या हक्कांचा प्रश्न उभा केला. कोल्हापूरकरांना या प्रश्नाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. जून २०२५ मध्यें इटलींतील प्राडा कंपनीनें मिलान शहरीं कोल्हापुरी वहाणेसारखी वहाण मिरविली, तेव्हां आरंभीं कोल्हापूरचें नांवहि घेतलें नव्हतें. ओरड झाल्यावर मूळ कोठलें तें कंपनीनें मान्य केलें. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येंच भौगोलिक मानांकन मिळालें होतें. वहाणेचा घाट असो वा खुंटीचा, तो कोणाच्या तरी हातांनीं पिढ्यानपिढ्या घासून घासून झालेला असतो. तो घेणाऱ्यानें निदान नांव घ्यावें. जें कोल्हापूर आपल्या चपलेसाठीं मागतें तेंच मिरजेच्या तंबोऱ्याचें चित्र पडद्यावर उतरविणाऱ्यानें मिरजेलाहि द्यावयास हवें.

२०१३ च्या सुमारास वारा फिरला. ॲपल कंपनीनें आपल्या टेलिफोनच्या पडद्यावरील लांकूड, कातडें, चकाकी हीं सारीं सोंगें उतरवून सपाट रूप स्वीकारलें, आणि संगीताच्या सॉफ्टवेअरांतहि कित्येकांनीं खुंटीच्या ठिकाणीं नुसती रंगीत कमान काढावयास सुरुवात केली. सपाट पक्षाचें म्हणणें असें कीं चित्रानें धातूचें सोंग घेणें हा खोटेपणा आहे. दुसरा पक्ष म्हणतो, हाताला ओळखीची वस्तु दिसली कीं तो बिचकत नाहीं. सोंग हें खोटें नव्हे, तें आमंत्रण आहे. नाटकाच्या पडद्यावर राजवाडा पाहून फसलों असें कोणी म्हटलें नाहीं. फसवणूक होते ती निराळ्या ठिकाणीं. खुंटी चकचकीत आहे पण तिची रेघ दिसत नाहीं. अक्षरें इतकीं बारीक कीं साठी उलटलेल्या डोळ्यांनीं चाचपडत बसावें. चालू-बंद हा भेद केवळ लाल आणि हिरव्या रंगानें दाखविला आहे, आणि तो भेद ज्यांना दिसत नाहीं अशा पुरुषांची संख्या थोडीथोडकी नाहीं. अशा ठिकाणीं कारागिरानें अलंकार केला, पण वस्तु केली नाहीं. पानें कोरलीं, सांधा मात्र उघडा राहिला.

यावरून आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर हातीं येतें. खुंटीच्या चित्रानें आवाज बदलत नाहीं हें खरें. तथापि माणूस कोठें थांबतो तें त्यानें बदलतें. जेथें आंकडा आहे तेथें हात थांबतो, जेथें खांच आहे तेथें बोट अडतें. खुंटीभोंवतीं बारा रेघा काढल्या तर बारा स्वरांखेरीज जगांत कांहीं नाहीं असें शिकाऊ मुलाला वाटेल, आणि तें त्याला कोणी शिकविलें हेंहि कधीं कळणार नाहीं. १९१६ मध्यें बडोद्यास आणि १९४० मध्यें रेडिओच्या कचेरींत ज्या गोष्टीवरून वाद झाले ती गोष्ट आज एखाद्या खोलींत बसून चित्रांची पट्टी रंगविणारा तरुण नकळत ठरवून टाकीत असतो. त्यासाठीं परिषद भरत नाहीं, हुकूम निघत नाहीं. एक रेघ काढली जाते, एवढेंच.

म्हणून ही रेघ काढण्याचें काम कोल्हापूर-मिरजेच्या मुलांनीं हातीं घेण्याजोगें आहे. ज्या परिसरांत तारेला मणी ओंवला गेला, श्रुति मोजल्या गेल्या, कापडावर उजेड रंगविला गेला, तेथील मुलांना खुंटी कशी असावी हें परक्या नमुन्यावरून शिकावें लागूं नये. चांगली खुंटी काय असते हें पाहावयाचें असेल तर मिरजेंत वाद्यें घडविणाऱ्यांच्या दुकानीं जावें. कारागीर तार छेडतो, खुंटी पिळतो, मण्याला बोट लावतो, आणि मग खुंटीकडे, मण्याकडे, कशाकडेच न पाहतां मान किंचित कलती करून ऐकत राहतो. पडद्यावरची खुंटी रंगविणाऱ्यानें ती कलती मान ध्यानांत ठेवावी.